पावसाळी पुळणीवरचा बूबी

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर असताना कोकण-गोव्याच्या पुळणींवर जे थकलेले समुद्रपक्षी येऊन पडतात, त्यांत दीड मीटरहून अधिक पंखविस्ताराचा मास्क्ड बूबी हा सर्वांत ठळक होय. ओमानलगतच्या बेटांवर वीण करणारा आणि एरवी खोल समुद्रावर सूर मारून मासे धरणारा हा पक्षी आपल्याकडे दुर्मीळ म्हणून नोंदवला जातो. मात्र ही दुर्मीळता पक्ष्याची कमी आणि निरीक्षकाच्या जागेची अधिक आहे, कारण जून-जुलैत मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि भर दर्यात पाहायला कोणी नसते.

प्रौढ पक्षी पांढरा असून त्याची उड्डाणपिसे आणि चेहऱ्यावरील मुखवट्यासारखी त्वचा काळी असते, त्यामुळे त्याच्याबाबत घोटाळा सहसा होत नाही. तपकिरी डोक्याचे अवयस्क पक्षी मात्र ब्राउन बूबी समजले जाण्याचा संभव असतो. मास्क्ड बूबीच्या अवयस्कात मानेवरील पांढरा पट्टा डोके आणि पाठ यांना वेगळे करतो व छाती पांढरी असते, तर ब्राउन बूबीचा तपकिरी रंग छातीवर उतरून तेथे सरळ रेषेत तुटतो. म्हणूनच केवळ पाठीच्या छायाचित्रावरून दिलेला निर्वाळा फारसा विश्वसनीय मानता येत नाही.

ही ओळख केवळ नोंदवहीसाठी नसते. बूबीला बाहेरून उघड्या नाकपुड्या नसतात आणि तो तोंडावाटेच श्वास घेतो, ही रचना वेगाने पाण्यात शिरण्यासाठी सोयीची असली, तरी चावू नये म्हणून चोच घट्ट बांधणारा मदतनीस नकळत त्याचा श्वासच कोंडतो. चोच मोकळी ठेवून, टॉवेलने पंख आवळून आणि स्वतःचे डोळे सांभाळून त्याला उचलावे लागते. सपाट जमिनीवरून त्याला वाऱ्याविना झेप घेणे कठीण जाते. ते पाहून पंख मोडल्याचा निष्कर्ष काढला जातो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, त्याला उचलून पुन्हा लाटांत टाकले जाते. ज्या वाऱ्याने त्याला थकवले तोच वारा वाहत असताना असे सोडणे म्हणजे सुटका नव्हे.

वन विभागाला कळवून पक्षी उपचार केंद्रात नेल्यावर प्रथम क्षारयुक्त द्रव आणि मग मासे दिले जातात, कारण निर्जलित शरीराला लगेच घन अन्न पचत नाही. समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांजवळ रक्तातील जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या लवणग्रंथी असतात आणि गोड्या पाण्यावर दीर्घकाळ ठेवल्यास त्या मंदावतात; त्यामुळे मुक्काम जितका लांबेल तितकी परतीची वाट अवघड होते. कडक फरशीने छातीच्या हाडावर व्रण पडतात, विष्ठेने माखलेली पिसे पाणी रोखेनाशी होतात. म्हणून बसायला मऊ, स्वच्छ जाळी लागते.

वजन भरले, पिसे भिजत नाहीत अशी खात्री झाली आणि वादळी वारा ओसरला, म्हणजे त्याला मोकळ्या वाऱ्याच्या उंच कड्यावरून किंवा होडीतून सोडता येते. जे वाचत नाहीत त्यांचीही चोच, पंख आणि वजन यांची मापे परवानगीने घेऊन ठेवणे आवश्यक असते, कारण आपल्या किनाऱ्यावरील खोल समुद्राच्या पक्ष्यांविषयीची पुष्कळशी माहिती अशाच वाहून आलेल्या देहांतून जमा झालेली आहे.