हरत नाही कुणीच, मग खेळायचं कशाला?

मुलांनो, फुली-गोळा तुम्ही सगळेच खेळला असाल. वहीच्या शेवटच्या पानावर दोन उभ्या रेघा आणि दोन आडव्या रेघा मारल्या, की झालं मैदान तयार! पहिली-दुसरीत या खेळाचं भारी वेड असतं. चौथीत येईपर्यंत मात्र ते ओसरतं. का बरं? कारण तोवर युक्ती कळलेली असते. दोघंही लक्ष देऊन खेळले की डाव बरोबरीत सुटणार. पुन्हा मांडा, पुन्हा बरोबरी. नऊ घरांच्या या इवल्याशा खेळात २ लाख ५५ हजार १६८ वेगवेगळे डाव होऊ शकतात, तरीसुद्धा तो कंटाळवाणा होतो.

आता विचार करा, हीच पाळी बुद्धिबळावर आली तर?

ही भीती अगदीच उगीच नाही बरं का! तुम्ही-आम्ही खेळतो तेव्हा कुणीतरी चुकतंच. वजीर फुकट जातो, घोडा अडकतो, आणि डावाचा निकाल लागतो. पण बुद्धिबळ खेळणारे संगणकाचे प्रोग्रामही एकमेकांशी खेळतात. अशा प्रोग्रामला ‘इंजिन’ म्हणतात. या इंजिनांचे डाव जसजशी वर्षं गेली तसतसे जास्त जास्त बरोबरीत सुटू लागले.

सुरुवातीला तसं नव्हतं. संगणकांची पहिली जागतिक बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली स्वीडनमधल्या स्टॉकहोम शहरात झाली. तेरा प्रोग्राम उतरले होते. सोव्हिएत रशियाचा ‘काइसा’ चारही डाव जिंकून पहिला आला. तेव्हाची इंजिनं कच्ची होती. आपल्यासारखीच चुकायची, म्हणून निकाल लागायचे. पुढे १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकानं जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं, तेव्हा सगळं जग चकित झालं. आज तर खिशातल्या मोबाईलवरचं इंजिनसुद्धा जगज्जेत्याला भारी पडतं.

पण दोन पहिलवान तोडीस तोड असले की कुस्ती लांबते, तसंच इथंही झालं. डिसेंबर २०१७ मध्ये ‘अल्फाझिरो’ आणि ‘स्टॉकफिश’ यांच्यात १०० डाव झाल्याचं जाहीर झालं. अल्फाझिरोनं २८ जिंकले, एकही हरला नाही. उरलेले ७२? बरोबरी! त्यानंतर २०१८-१९ मध्ये इंजिनांच्या एका मोठ्या स्पर्धेची अंतिम लढत स्टॉकफिश आणि ‘लीला चेस झिरो’ यांच्यात झाली. (नाव अगदी आपल्याकडचं वाटतं, नाही?) १०० डावांपैकी तब्बल ८१ बरोबरीत. स्टॉकफिशनं १० जिंकले, लीलानं ९. म्हणजे शंभर डावांचा निकाल एका डावानं लागला!

आमच्या वर्गातल्या एका मुलीला हे सांगितलं, तर तिनं पटकन विचारलं, “दोघांनाही सगळं येतं, तर मग ते खेळतात कशाला?” आणि पालक सभेत एका बाबांनी त्याच्याही पुढचं विचारलं. यंत्रालाच सगळं येतं, तर आमच्या पोरानं क्लासला जाऊन काय करायचं? दोन्ही प्रश्न टाळण्यासारखे नाहीत.

आधी मुलीचा प्रश्न घेऊ. बुद्धिबळात बरोबरी इतकी का होते, ते पट मांडूनच पाहा. काळ्याचा एकटा राजा ठेवा, पांढऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात. ते घर पांढरं आहे. आता पांढऱ्याला द्या राजा, डाव्या कडेचं एक प्यादं आणि काळ्या घरांवरून फिरणारा उंट. एक उंट आणि एक प्यादं जास्त! वाटतं, आता काय, जिंकलोच. पण जमत नाही. प्यादं वजीर होणार त्याच कोपऱ्यात काळा राजा ठाण मांडून बसतो, आणि काळ्या घरांवरचा उंट त्याला तिथून हुसकावू शकत नाही. फार जवळ गेलात तर त्याला शह तर नसतो, पण खेळायला घरही उरत नाही, आणि नियमानं डाव बरोबरीत! ताईला नाहीतर दादाला काळ्या राजाकडून बसवा आणि स्वतः करून बघा. सांगायचा मुद्दा हा, की बुद्धिबळात थोडं पुढे असणं पुरत नाही. बरंच पुढे जावं लागतं. आणि न चुकणारा गडी तुम्हाला बरंच पुढे जाऊच देत नाही.

मग सुरुवातीच्या नेहमीच्या मांडणीतून दोन बलाढ्य इंजिनांना खेळवण्यात अर्थ आहे का? खरं सांगू? फारसा नाही. तिथं मी त्या मुलीच्याच बाजूनं आहे.

पण गंमत पुढेच आहे. समजा मी तिसरीच्या वर्गाला पेपर दिला, ‘दोन अधिक तीन किती?’ सगळ्यांना पैकीच्या पैकी. मला काय कळलं? काहीच नाही. म्हणून उद्यापासून परीक्षाच बंद करायची का? छे! पेपर बदलायचा. पण दहावीचा पेपर दिला तर सगळ्यांना शून्य, आणि तेव्हाही मला काहीच कळणार नाही. पेपर असा हवा की तो कुणाला जमेल, कुणाला अडेल.

इंजिनवाल्यांनी नेमकं हेच केलं. डाव पहिल्या खेळीपासून सुरू न करता ते मुद्दाम एका कलत्या स्थितीतून सुरू करायचा. म्हणजे पांढरा बराच वरचढ आहे, पण जिंकेलच असं नाही. काळा अडचणीत आहे, पण वाचूही शकेल. हा अन्याय झाला, असं तुम्ही म्हणाल. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये मैदान एका बाजूला उतरतं असेल तर तुम्ही काय करता? बाजू बदलता! तसंच इथं तीच स्थिती दोनदा खेळतात. एकदा हा पांढरा, एकदा तो. दोघंही पांढऱ्यानं जिंकले तर एक-एक, फिटंफाट. दोन्ही डाव बरोबरीत सुटले तरी फिटंफाट. पण एकानं चांगली बाजू जिंकून दाखवली आणि वाईट बाजू वाचवून दाखवली, तर तो खरा वरचढ. वाईट बाजू वाचवणं हीसुद्धा मर्दुमकीच की! तिथं बरोबरीच विजयासारखी असते. एरवी ‘कंटाळवाणी’ वाटणारी तीच बरोबरी, बघा हं.

याचा उपयोग नुसता स्पर्धेपुरता नाही. स्टॉकफिश हे फुकट मिळणारं इंजिन आहे. कितीतरी हौशी माणसं ते सुधारत असतात. कुणी एखादी छोटीशी सुधारणा सुचवली की जगभरच्या लोकांनी आपखुशीनं दिलेल्या संगणकांवर जुनं आणि नवं स्टॉकफिश आपापसांत हजारो डाव खेळतात. नवं खरंच सरस ठरलं, तरच ती सुधारणा स्वीकारायची. सगळेच डाव बरोबरीत सुटले तर सुधारणा चांगली की वाईट, कळणार कसं? म्हणून या चाचण्यांतही कलत्या सुरुवातीच वापरतात.

बरोबरीला कंटाळून नियम बदलणं हे काही यंत्रांनी शिकवलेलं नाही. चेकर्स नावाचा सोंगट्यांचा खेळ आहे. त्यात थोर खेळाडूंचे डाव सारखे बरोबरीत सुटू लागले, तेव्हा पहिल्या तीन खेळ्या चिठ्ठी टाकून ठरवायची पद्धत आली. (याच चेकर्सचा २००७ साली संगणकानं निकालच लावला. दोघंही न चुकता खेळले तर बरोबरी, हे पक्कं झालं. ते काम १९८९ पासून चाललं होतं. तरी माणसं अजून चेकर्स खेळतात!) बुद्धिबळाचंच बघा. १९८४ मध्ये मॉस्कोत कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांची जगज्जेतेपदाची लढत सुरू झाली. जो आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता. ४८ डाव झाले, त्यांतले ४० बरोबरीत! पाच महिने लोटले, शेवटी फेब्रुवारी १९८५ मध्ये लढत निकालाविना थांबवावी लागली. पुढच्या लढतीला २४ डावांची मर्यादा घातली आणि ती कास्पारोव्हनं जिंकली.

आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीशी खेळली, तेव्हाही मोठ्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीतच सुटले होते. मग कमी वेळाचे डाव झाले आणि दिव्या जिंकली. घड्याळ घाई करू लागलं की माणसाच्या हातून चूक होते. यंत्राचा घामच निघत नाही, म्हणून त्याच्यासाठी पटच कलता करावा लागतो.

तर त्या बाबांचा प्रश्न. बुद्धिबळ अजून फुली-गोळा झालेलं नाही. दोन्ही राजे धरून पटावर सातच मोहरी उरली, की पुढे काय होणार हे संगणकानं पूर्ण शोधलेलं आहे. पण डाव सुरू होतो ३२ मोहऱ्यांनी! सात कुठं आणि बत्तीस कुठं! ‘पहिल्यापासून बरोबर खेळलं तर बरोबरीच’ असा जाणकारांचा अंदाज आहे. सिद्ध कुणी केलेलं नाही. शिवाय यंत्रांच्या डावांतून माणसं शिकली आहेत. अल्फाझिरो कडेचं प्यादं खुशाल पुढे पुढे ढकलत समोरच्या राजाची कोंडी करायचा. पूर्वी मास्तर असं करू नका म्हणायचे. २०१७ नंतर मोठमोठे खेळाडूही ती चाल जास्त खेळू लागले. पालकांना एकच विनंती, मूल डाव आठवून आठवून तपासत असताना त्याच्यापुढे लगेच मोबाईलमधलं इंजिन उघडून ठेवू नका. आधी त्याला स्वतः चूक शोधू द्या, मग यंत्राला विचारा.

आणि मुलांनो, या रविवारी एक करून बघा. घरात कुणीतरी तुमच्यापेक्षा चांगलं खेळणारं असेल. एका बाजूचं एक प्यादं आधीच काढून ठेवा, डाव खेळा, मग बाजू बदलून पुन्हा तसाच खेळा. दोन्ही डावांचे गुण एकत्र लिहा. एका प्याद्यानं काहीच फरक पडत नसेल तर दोन प्यादी काढा, नाहीतर घोडा काढा. किती काढल्यावर लढत रंगते आणि किती काढल्यावर एकतर्फी होते, ते वहीत मांडून ठेवा. प्रत्येक घरातला आकडा वेगळा येईल.