भाड्याच्या खोलीचा ओटा आणि न्हाणी : पैसा कुठे घालावा?

१ जुलै १९९८ रोजी नंदुरबार धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, बदलीवरचे नोकरदार आले. दुकानामागे किंवा माडीवर दोन खोल्या काढून भाड्याने देणे हा आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांचा जोडधंदा आहे. अशा खोलीत भिंती टिकतात, पैसा खातात ते ओटा आणि न्हाणीघर.

याचे मूळ पाण्यात आहे, असे आम्हांस वाटते. काळ्या खडकातले बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते वाळले की पांढरा थर बसतो आणि भाडेकरू तो काढायला ॲसिड ओततो. कडप्पा आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड. ॲसिड पडताच ते फसफसतात, चकाकी जाते आणि खरबरीत झालेल्या दगडात मळ अधिकच धरतो. म्हणून कोटा बाहेरच्या खोलीत खुशाल घाला, पण ओट्याला ग्रॅनाइट आणि न्हाणीला न घसरणाऱ्या टाइल्स बऱ्या. टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंटही ॲसिड खाते, तेव्हा सांधे इपॉक्सीने भरून घ्यावेत. नळावरच्या थराला लिंबू किंवा व्हिनेगर पुरते.

नळ पितळेचाच घ्यावा. वरून चकाकी सारखीच दिसते, पण जस्ताच्या मिश्रणाचा नळ हातात हलका लागतो आणि आट्यांशी तुटतो. अर्ध्या फेऱ्याचा नळ दिसायला छान. जड पाण्यात मात्र साधा वायसरवाला परवडतो, कारण वायसर कुणालाही बदलता येतो.

सिंक घेताना दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो. त्यावर जाऊ नका. ३०४ आणि २०२ या दोन्ही प्रतींना चुंबक सहसा धरत नाही, गंजाला मात्र ३०४ अधिक टिकते. बिलावर प्रत लिहून घ्या.

पाइप भिंतीत गाडू नयेत. उघडे असले तर गळती लगेच दिसते. गरम पाण्याला सीपीव्हीसी, दाराला पीव्हीसी. प्रत्येक खोलीला स्वतंत्र कॉक ठेवावा, म्हणजे एका नळापायी चार बिऱ्हाडांचे पाणी बंद होत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर दुरुस्त ठेवणे मालकाकडे येते. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा. त्याच करारात ॲसिड न वापरण्याची एक ओळ घालून घ्यावी.