साठ दिवसांची सवलत आणि नायगराची सहल

मे महिना जवळ आला की जबलपूरच्या गोरखपूर भागातील एखाद्या मराठी घरात माळ्यावरच्या मोठ्या बॅगा खाली उतरतात. (हे गोरखपूर उत्तर प्रदेशातले नव्हे, जबलपुरातले, बाजारपेठेचे.) मुलगी अमेरिकेत एम.एस. पूर्ण करीत असते आणि पदवीदान समारंभाला आई-बाबांनी यायचेच, असा तिचा हट्ट असतो. व्हिसाच्या मुलाखतीसाठी गरीबरथने मुंबईची वारी झालेली असते. बेसनाच्या लाडवांचा डबा तयार असतो. मग फोनवर बेत ठरतो, "बाबा, एवढे लांब येताच आहात, तर कॅनडाच्या बाजूने नायगराही पाहून येऊ. चार दिवस टोरांटोला राहू." भेडाघाटचा धुवाँधार पाहत लहानाचे मोठे झालेल्या माणसांना नायगराची ओढ असणारच!

पण या चार दिवसांपायी मुलीची पुढची तीन वर्षे पणाला लागू शकतात, हे फार थोड्या घरांना ठाऊक असते.

हिशेब वरवर पाहता सरळ वाटतो. मुलीच्या पासपोर्टवर पाच वर्षांचा विद्यार्थी व्हिसा आहे, शिक्षण दोन वर्षांत संपले, म्हणजे तीन वर्षे शिल्लक. शिवाय अमेरिकेत एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला अभ्यासक्रम संपल्यावर ६० दिवस राहण्याची सवलत मिळते. त्यातले दहाच दिवस गेलेत. मग चार दिवस जाऊन आले तर काय बिघडले?

बिघडते ते असे. ही सवलत घर आवरण्यासाठी, देशातल्या देशात फिरण्यासाठी किंवा पुढच्या शिक्षणाची सोय लावण्यासाठी दिलेली असते. परत येण्यासाठी ती नसते. सीमा ओलांडली की त्या क्षणी ती संपते. उरलेले ५० दिवस खात्यावर जमा राहत नाहीत. आणि पासपोर्टवरचा व्हिसा? तो केवळ दार ठोठावण्याची परवानगी. दार कशासाठी उघडायचे, हे विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या कागदावरून ठरते आणि शिक्षण संपले की त्या कागदाचे काम संपते. "मग पर्यटक म्हणून आत येते" असेही चालत नाही. त्यासाठी पर्यटक व्हिसा लागतो, विद्यार्थी व्हिसावर ते होत नाही. मग आई-बाबांचे परतीचे तिकीट न्यूयॉर्कहून, आणि मुलीला मात्र टोरांटोहूनच भारताचे विमान गाठावे लागते. तिचे सामान, बँकेचे खाते, घराची अनामत सारे पलीकडेच राहते.

खरे नुकसान याहून मोठे आहे. शिक्षण संपल्यावर अमेरिकेत १२ महिने नोकरीचा अनुभव घेण्याची मुभा विद्यार्थ्याला मिळते. मुले तिला ओपीटी म्हणतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांना पुढे आणखी २४ महिने मिळू शकतात. शिक्षणासाठी काढलेले कर्ज बहुतेक घरे याच तीन वर्षांच्या पगारावर फेडायचे ठरवतात. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याआधी ९० दिवसांपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो, मात्र तो करताना विद्यार्थी अमेरिकेतच असावा लागतो. "सहलीहून आल्यावर निवांत अर्ज करू" असे म्हणून जी मुलगी पूल ओलांडते, तिला ही संधी गमवावी लागते.

अर्ज आधीच केला असेल तर गोष्ट वेगळी. अर्जाची पावती, प्रवासासाठी गेल्या सहा महिन्यांत विद्यापीठाची सही झालेले आय-२०, चालू व्हिसा आणि पासपोर्ट एवढे जवळ असेल, तर परत येता येते. दरम्यान अर्ज मंजूर झाला असल्यास कामाचे कार्ड आणि नोकरीचे पत्रही लागते. तरीही शेवटचा शब्द सीमेवरच्या अधिकाऱ्याचा. आमच्या मते, कार्ड हाती येईपर्यंत पासपोर्ट कपाटात ठेवलेलाच बरा. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये ही ६० दिवसांची मुदत ३० वर आणण्याचा प्रस्ताव अमेरिकी सरकारने मांडला. म्हणून मैत्रिणीच्या अनुभवावर विसंबू नये. तारखा विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातच विचाराव्यात. तिथे पैसे पडत नाहीत.

नोकरी करणाऱ्यांचेही असेच. एच-१बी व्हिसावरील माणसाची नोकरी गेली, तर १७ जानेवारी २०१७ पासूनच्या नियमाने त्याला दुसरी नोकरी शोधायला ६० दिवसांपर्यंत वेळ मिळतो. २०२२-२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी नोकरकपात केली, तेव्हा अनेक भारतीय घरांत हे दिवस बोटांवर मोजले गेले. अशा वेळी आजारी आईला भेटायला जबलपूरला आलेल्या मुलाचे उरलेले दिवस विमानाबरोबरच संपतात. पुढे त्याला नव्या मालकाच्या मंजूर अर्जावरच परतता येते. पूर्वी काही जण कॅनडा-मेक्सिकोत जाऊन नवा शिक्का मारून आणत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने अर्जदारांना आपापल्या देशात किंवा राहत्या देशातच मुलाखत द्यायला सांगितले, तेव्हापासून ती वाटही अवघड झाली.

आई-बाबांची स्थिती त्या मानाने सोपी. त्यांचा पर्यटक व्हिसा बहुधा दहा वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा असतो. मात्र कॅनडाचा व्हिसा त्यांनाही वेगळा काढावा लागतो. आणि चार दिवसांनी परत आल्यावर मुक्कामाचे नवे सहा महिने मिळतील, असे धरून चालू नये. छोट्या फेरीनंतर जुनीच तारीख कायम राहू शकते. ती तारीख आय-९४ नोंदीत असते आणि संगणकावर पाहता येते.

युरोपला जाणाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट पाहावी. शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर पॅरिसहून दोन दिवस लंडनला गेल्यावर पुन्हा पॅरिसला येता येत नाही. त्या व्हिसावर मुदतीत जादा १५ दिवस दिसतात, ते प्रवासाची तारीख पुढेमागे झाली तर उपयोगी पडावेत म्हणून. मुक्कामाचे दिवस त्याने वाढत नाहीत.

राहता राहिला नायगरा. समोरून दिसणारे भव्य दृश्य कॅनडाच्या बाजूनेच, हे खरे. पण धबधबा न्यूयॉर्क राज्याच्या बाजूनेही पाहता येतो. तिथल्या गोट आयलंड बेटाच्या टोकावरून नालाकृती मुख्य धबधबा अगदी हाताच्या अंतरावर वाटतो, तुषार अंगावर येतात आणि खाली होडीही मिळते. १९४१ मध्ये खुला झालेला रेनबो पूल तिथून समोरच दिसतो.