आईबाबांची न मिळालेली जनुकंही शिकवतात?

"बाप हुशार, म्हणून पोरगाही हुशार. खाण तशी माती!" निकालाच्या दिवशी हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. ज्याचे आईबाबा फार शिकलेले नाहीत, त्याला मात्र ते टोचतं. "आपल्या रक्तातच नाही," असं तो धरून चालतो. हे कितपत खरं, ते आज बघू.

अडचण अशी आहे, की आईबाबा मुलाला जनुकंही देतात आणि घरही. मग कशाचा परिणाम किती, हे वेगळं काढायचं कसं?

आइसलँडच्या डीकोड जेनेटिक्समधल्या शास्त्रज्ञांनी यासाठी भारी युक्ती केली. आपल्यात बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. आई त्यातली एकच मुलाला देते, बाबाही एकच. उरलेली प्रत त्यांच्याकडेच राहते. आता बघा, ही उरलेली प्रत मुलाच्या शरीरात नाहीच. तरीही तिचा मुलाच्या शिक्षणाशी संबंध दिसला, तर तो आला कुठून? मुख्यतः घरातूनच!

ऑगस्टीन काँग आणि सहकाऱ्यांनी 21,000 हून जास्त लोकांची माहिती तपासली. 2018 मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष छापून आला. न मिळालेल्या प्रतींचा परिणाम, मिळालेल्या प्रतींच्या सुमारे 30 टक्के भरला. याला 'जेनेटिक नर्चर' म्हणतात. सोप्या भाषेत, आईच्या जनुकांचा तिच्या शिक्षणावर, सवयींवर थोडा परिणाम होतो, आणि त्यातून मुलाचं घर घडतं.

ब्रिटनमध्येही असंच दिसलं. 'यूके बायोबँक'मधल्या 6,000 हून जास्त दत्तक व्यक्तींचा अभ्यास 2020 मध्ये आला. जनुकांवरून काढलेला गुणांक त्यांच्या शिक्षणाचा अंदाज जेमतेम निम्म्यानेच सांगू शकला. म्हणजे ज्याला आपण 'रक्त' म्हणतो, त्यात बरंचसं घर मिसळलेलं असतं.

याचा अर्थ जनुकांना काही किंमत नाही, असा नाही. पण हे आकडे हजारो लोकांच्या सरासरीचे आहेत. तुम्ही किती शिकाल, हे त्यावरून कुणीच सांगू शकत नाही. शिवाय जनुकं बदलता येत नाहीत, पण घरात जे कमी पडलं, त्यातलं काही बाहेरून भरून काढता येतं. गावातली अभ्यासिका, वेळेवर मिळालेली शिष्यवृत्ती, फॉर्म भरायला मदत करणारी शेजारची ताई.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'खाण तशी माती' म्हणालं, तर शांतपणे विचारा, "रक्ताबद्दल बोलताय, की घराबद्दल?"

भेटू पुढच्या भागात!