शेततळ्यात 'मांगूर' सोडताय? आधी हे वाचा

बुलढाणा : शेततळं भरलं की त्यात मासे टाकावे, चार पैसे जोडधंद्याचे मिळावे, असं कोणालाही वाटतं. त्यातच कोणी सांगतं, "रोहू-कटल्यापेक्षा मांगूर टाका, भराभर वाढतो." पण बाजारात 'थाई मांगूर' म्हणून ओळखला जाणारा हा मासा पाळायला केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही साठे नष्ट करण्याचे आदेश दिले.

बंदी कशासाठी?
नाव थाई असलं तरी मासा मूळ आफ्रिकेचा. मासे, बेडूक, किडे, कुजकं मांस, त्याला काहीही चालतं. एकदा का तो तलावात शिरला की इतर माशांची अंडी-पिल्लं खातो. कमी ऑक्सिजनच्या घाण पाण्यातही तो तगतो, कारण हवेतूनही श्वास घेतो. ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यातही जातो. शेततळं फुटलं किंवा ओसंडलं की झालं, मासा नाल्यात.

आपल्या जिल्ह्याला धोका जास्त का?
जिल्ह्याच्या मधून अजिंठ्याची डोंगररांग जाते. उत्तरेचं पाणी नळगंगा, ज्ञानगंगेतून पूर्णेत आणि पुढे तापीला मिळतं. दक्षिणेचं पाणी पैनगंगा, खडकपूर्णेतून शेवटी गोदावरीत जातं. म्हणजे घाटावर आणि घाटाखाली सोडलेला मासा दोन मोठ्या नद्यांची खोरी गाठू शकतो. तलाव ठेक्याने घेऊन बोटुकली सोडणाऱ्या मच्छिमार संस्थांचं नुकसान पहिलं.

समुद्रातही हेच झालं. आपल्या हिंदी महासागरात आणि पॅसिफिकमध्ये राहणारा लायनफिश शोभेच्या टाकीसाठी अमेरिकेत नेला गेला. १९८५ साली तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मोकळा सापडला. आज कॅरेबियन बेटांपासून ब्राझीलपर्यंत पसरला आहे आणि तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो. हजारो कोसांचा समुद्र असूनही तो निपटून काढता आला नाही. आपल्याकडचं गाजरगवत आठवा. बांधावर एकदा आलं, ते गेलंच नाही.

देशी की परदेशी, कसं ओळखायचं?
देशी मांगूरवर बंदी नाही. तो लहान असतो, सहसा फूटभराचा. परदेशी मांगूर तीन-चार फुटांपर्यंत वाढतो, अंगावर ढगाळ ठिपके असतात. डोक्याच्या मागच्या हाडाची कड देशीत टोकदार असते, परदेशीत ती दोन उंचवट्यांची दिसते. बोटुकली लहान असताना मात्र फरक कळणं अवघड, म्हणून बीज घेताना पावती मागा आणि बीज केंद्राची नोंदणी विचारा.

जाळ्यात सापडला तर?
परत पाण्यात सोडू नका, जिवंत दुसरीकडे नेऊ नका. फोटो काढून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. शेततळ्यासाठी रोहू, कटला, मृगळ हे आपले मासे आहेतच. वाढ थोडी हळू, पण गावाच्या नाल्याला धोका नाही.