गोंधळात गोंधळ नसतो

जुन्नर-आंबेगावात लग्न उरकलं की पाहुणे हमखास विचारतात, ‘गोंधळ कधी ठेवलाय?’ आणि त्याच घरात पोरांना दम मिळतो, ‘गोंधळ घालू नका!’

गैरसमज असा, की गोंधळ्यांच्या कार्यक्रमाला शेंडाबुडखा नसतो, म्हणूनच हा वाक्प्रचार पडला.

वस्तुस्थिती अगदी उलट आहे. पाटावर नवा खण, त्यावर धान्याचा चौक, मधोमध पाण्याचा तांब्या, विड्याची पानं, नारळ. दिवटी पेटते, संबळ घुमू लागतो. आधी गण, मग देवादिकांना आवतण: तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, शिवनेरीची शिवाई, थेट गावदेवीपर्यंत. कुणाला विसरून चालत नाही. त्यानंतर आख्यान. नाईक कथा लावतो, साथीदार मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारून ती पुढे नेतो, झीलकरी ध्रुपद उचलतात, टुणटुणं सूर सोडत नाही. शेवटी आरती. असं ओळीनं लावलेलं अनुष्ठान बेशिस्तीचं उदाहरण ठरावं, हा गोंधळ्यांवर अन्याय आहे.

मग अर्थ पालटला कसा? संबळ, झांज आणि कथेतली सवाल-जबाबाची झटापट भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला नुसता गलका वाटत असणार, असं माझं मत. पालट आजकालचा मात्र नाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात दोन्ही अर्थ आहेत. विधी त्याहून कितीतरी जुना. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘गोंडली’ नृत्य येतं, आणि अभ्यासक गोंधळाचं नातं त्याच्याशी जोडतात. एकनाथांनीही गोंधळाचं रूपक रचलं.

वाक्प्रचाराला मागाहून गोष्ट चिकटते, हे इंग्रजीतही घडलं. सावळ्यागोंधळाला तिकडे ‘ॲट सिक्सेस अँड सेव्हन्स’ म्हणतात. लंडनच्या शिंपी आणि कातडेव्यापारी संघांत सहावा मान कुणाचा, सातवा कुणाचा, यावरून भांडण होतं. १४८४ मध्ये महापौरांनी आलटून पालटून मान देऊन ते मिटवलं, आणि त्यातून हे शब्द आले, असं सांगतात. भांडण खरं, पण चॉसरने तसेच शब्द सुमारे शंभर वर्षं आधी वापरले आहेत. मूळ फाशांच्या जुगारात असावं, हे मत अधिक पटतं.

आपल्याकडचा दुसरा गैरसमज पत्रिकेतूनच पसरतो. ‘जागरण-गोंधळ’ एका दमात छापलं जातं, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. जागरण खंडोबाचं; ते वाघ्या-मुरळी घालतात, हातात दिमडी आणि घोळ, शेवटाकडे लंगर तोडतात. धामणीच्या किंवा वडजच्या खंडोबाला मानणाऱ्या घरांत ते ठरलेलंच. गोंधळ देवीचा, तो गोंधळी घालतात, गळ्यात कवड्यांची माळ आणि कमरेला संबळ. मंडप एक, रात्रही एक, पण मानकरी वेगळे, वाद्यं वेगळी, दैवतं वेगळी. बिदागी देताना वाघ्याला गोंधळी म्हणून हाक मारू नये.