आडात आहे, मग पोहऱ्यात का येत नाही?

रात्रीचे दोन वाजलेत. सकाळी दहाला प्रोजेक्टचा डेमो आहे. थर्मासमधला चहा कधीच संपलाय आणि स्क्रीनवर एकच ओळ दिसतेय : ‘कलेक्ट२ : एरर : एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’. होस्टेलवर राहिलेल्या बहुतेकांनी हा प्रसंग एकदा तरी भोगलेला असतो.

गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरचा एक मित्र या ओळीपुढे हरला. प्रोजेक्ट साधाच होता. मेसच्या हिशेबाचा सी प्रोग्राम आणि नोंदी ठेवायला एसक्यूलाइट ही लायब्ररी. त्याने लायब्ररी तीनदा काढली, तीनदा टाकली. शेवटी वैतागून पहाटे अख्खी उबुंटू फॉरमॅट मारून नव्याने टाकली. एरर जागच्या जागी राहिली. गेला तो रिपोर्ट, आणि त्याची दुसरी कॉपी नव्हती. चूक होती फक्त कमांडमधल्या एका शब्दाच्या जागेची. ती कोणती, ते ओघात येईलच.

आधी हे लिंकर प्रकरण काय आहे ते बघू. त्यासाठी लांब जायला नको, आपलं वाळूज पुरे आहे. बजाज ऑटोचा प्लांट इथे १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपचं जाळं उभं राहिलं. एक जण गिअर बनवतो, दुसरा ब्रॅकेट, तिसरा रबराचे भाग. प्रत्येकाकडे ड्रॉइंग असतं. ड्रॉइंगबरहुकूम भाग झाला की त्याचं काम संपलं. गाडी तयार होते ती असेंब्ली लाइनवर.

प्रोग्रामचंही तसंच. कंपायलर म्हणजे वर्कशॉप. तो एकेक सी फाइल घेऊन तिची ऑब्जेक्ट फाइल बनवतो. लिंकर म्हणजे असेंब्ली लाइन. तो सगळ्या ऑब्जेक्ट फाइल आणि लायब्ररी जोडून चालणारा प्रोग्राम उभा करतो. आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : हेडर फाइल म्हणजे ड्रॉइंग, लायब्ररी म्हणजे प्रत्यक्ष पार्ट. ‘इन्क्लूड’ लिहून आपण फक्त ड्रॉइंग मागवतो. कंपायलर त्यावर खूष होतो. पण पार्ट आलाच नाही, तर लाइन थांबणारच! त्याचंच नाव ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’.

आपल्याकडे वर्षानुवर्षं टर्बो सीवर शिकवलं गेलं. तिथे कंट्रोल आणि एफ९ दाबलं की कंपाइल, लिंक, रन सगळं एका दमात व्हायचं, त्यामुळे मध्ये लिंकर नावाचा कुणी असतो हेच कळायचं नाही. तो भेटायचा ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला : ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल इनिटग्राफ’. मग कुणीतरी सीनियर येऊन ऑप्शन्स, लिंकर, लायब्ररीज असं करत ग्राफिक्स लायब्ररीवर खूण करून जायचा. का केली, ते ना तो सांगायचा, ना आपण विचारायचो.

आता एकेक एरर घेऊ. (मराठी विभाग आहे म्हणून कमांडही देवनागरीत लिहितोय, टाइप मात्र इंग्रजीतच करा.)

१) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ : ड्रॉइंग आहे, पार्ट नाही. सर्वात परिचित उदाहरण म्हणजे वर्गमुळाचं ‘स्क्वेअर रूट’ फंक्शन. लिनक्सवर गणिताची लायब्ररी वेगळी असते, तिच्यासाठी कमांडच्या शेवटी ‘-एलएम’ द्यावं लागतं. गंमत अशी की १६ चं वर्गमूळ काढायला सांगितलं तर ‘-एलएम’ न देताही चालतं आणि ‘एक्स’चं काढायला सांगितलं की एरर येते. कारण १६ हा स्थिर आकडा आहे, त्याचं उत्तर जीसीसी कंपाइल करतानाच काढून मोकळा होतो, पार्टची गरजच पडत नाही. व्हायव्हाला विचारण्यासारखा प्रश्न आहे, सरांनी नोंद घ्यावी!

२) क्रम चुकला : इथेच आमचा मित्र फसला. त्याने ‘जीसीसी -एलएसक्यूलाइट३ मेस.सी’ असं लिहिलं होतं. लिंकर कमांड डावीकडून उजवीकडे एकदाच वाचत जातो. त्याच्या हातात शॉर्टेजची यादी असते. लायब्ररीचा टेम्पो गेटवर आला की तो यादी बघतो. यादी अजून कोरी असेल तर टेम्पो माल न उतरवता परत. मग मेस.सीमधून मागणी येते, पण टेम्पो तर केव्हाच गेला! म्हणून आधी आपली फाइल, मग लायब्ररी : ‘जीसीसी मेस.सी -एलएसक्यूलाइट३’. एवढंच. स्टॅटिक लायब्ररीला हा नियम पहिल्यापासून आहे. उबुंटूने २०११ च्या ११.१० आवृत्तीपासून शेअर्ड लायब्ररीलाही तीच शिस्त लावली. त्यामुळे ‘आमच्या वेळी तर हीच कमांड चालायची’ असं सीनियर म्हणतात ते खोटं नसतं, पण आज उपयोगाचं नसतं.

३) ‘कॅनॉट फाइंड -एल...’ : इथे गोदामच सापडलेलं नाही. बऱ्याचदा लायब्ररी मशीनवर असते, पण प्रोग्राम बनवायला लागणारं ‘डेव्ह’ पॅकेज नसतं. उबुंटूवर एसक्यूलाइटसाठी ते ‘लिबएसक्यूलाइट३-डेव्ह’. लायब्ररी आपल्याच एखाद्या फोल्डरमध्ये असेल तर मोठं ‘-एल’ देऊन त्या फोल्डरचा पत्ता सांगायचा. लहान एल म्हणजे लायब्ररीचं नाव, मोठा एल म्हणजे तिचा पत्ता.

४) ‘मल्टिपल डेफिनिशन’ : एकाच नंबरचा पार्ट दोघांनी पाठवला. हेडर फाइलमध्ये ग्लोबल व्हेरिएबल लिहिलं आणि ती हेडर दोन सी फाइलींत घेतली की हे होतं. पूर्वी जीसीसी यातल्या काही प्रकरणांकडे काणाडोळा करायचा. २०२० साली आलेल्या जीसीसी १० पासून ते लाड बंद झाले. सीनियरकडून ‘वारशाने’ मिळालेला प्रोजेक्ट तुमच्या मशीनवर बिल्ड होत नसेल तर आधी हे तपासा. उपाय : हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लिहा आणि खरी व्याख्या एकाच सी फाइलमध्ये ठेवा.

५) सी आणि सी++ चं भांडण : लायब्ररी आहे, क्रम बरोबर आहे, तरी अनडिफाइन्ड! सी++ फंक्शनच्या नावात त्याच्या पॅरामीटरचे प्रकारही गुंफतो. दोन इंटिजर घेणारं ‘ॲड’ जी++ मध्ये ‘_झेड३ॲडआयआय’ होतं. सी मात्र त्याला नुसतं ‘ॲड’च म्हणतो. म्हणजे पार्ट तोच, लेबल वेगळं. सीची लायब्ररी सी++ मधून वापरताना हेडरला ‘एक्स्टर्न "सी"’ लावा. एसक्यूलाइटसारख्या जाणत्या लायब्ररींच्या हेडरमध्ये ही सोय आधीच केलेली असते, आपण स्वतः लिहिलेल्या लायब्ररीत ती विसरली जाते.

६) बिल्ड झालं, पण चालेना : ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’. ही लिंकरची नाही, लोडरची तक्रार. शेअर्ड लायब्ररी प्रोग्रामच्या पोटात जात नाही, चालवताना शोधली जाते. सोर्सवरून स्वतः बनवून टाकलेली लायब्ररी असेल तर बहुधा ‘सुडो एलडीकॉन्फिग’ एकदा चालवलं की काम होतं. प्रोग्रामला कोणती लायब्ररी सापडत नाही ते ‘एलडीडी’ दाखवतं.

आणि तरीही गाडी अडली तर ‘एनएम’ ही कमांड वापरा. ऑब्जेक्ट फाइलवर चालवलीत की नावापुढे ‘यू’ दिसलं तर समजा हा पार्ट बाहेरून हवाय. ‘टी’ दिसलं तर हे फंक्शन इथेच आहे. शेअर्ड लायब्ररी तपासताना ‘-डी’ (मोठा डी) जोडा. कोण मागतंय आणि कोण देतंय, दोन्ही बाजू समोर आल्या की अंदाजपंचे करावं लागत नाही.

शेवटचं आणि मुख्य. सुरुवातीला दिलेली ती ‘कलेक्ट२’वाली ओळ काहीच सांगत नाही. ती फक्त म्हणते, ‘जमलं नाही.’ खरी माहिती तिच्या वरच्या ओळींत असते : कोणत्या फाइलमधल्या कोणत्या फंक्शनला कोणतं नाव सापडलं नाही. आमच्या मित्राच्या स्क्रीनवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूलाइट३_ओपन’ असं रात्रभर लिहिलेलं होतं. लायब्ररी नसती तर ‘कॅनॉट फाइंड’ आलं असतं. म्हणजे लायब्ररी मशीनवर आहे, फक्त वेळेवर हातात आली नाही, हे त्या ओळींतूनच कळत होतं. आम्ही चौघं त्याच्या मागे उभे होतो आणि चौघांनीही शेवटचीच ओळ वाचली.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपल्याकडे म्हणतात. लिंकरच्या बाबतीत आडात बहुतेक वेळा असतं; दोर कुठे अडकलाय ते बघायचं. तेव्हा मित्रहो, फॉरमॅट मारण्याआधी वरची ओळ वाचा. आणि रिपोर्टची एक कॉपी पेन ड्राइव्हवर ठेवा!